पाहुण्यांच्या खोलीतली गोधडी

आमच्या घरात सगळ्यांत जास्त उजेड रस्त्याच्या बाजूच्या खोलीत येतो. दोन खिडक्या, समोर उघडं अंगण, पलीकडे रत्नागिरीहून आरे-वारेच्या किनाऱ्याकडे जाणारा रस्ता. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथे सासऱ्यांची मोडकी आरामखुर्ची, जुनी वर्तमानपत्रं आणि आमसुलांच्या बरण्या होत्या. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. खोली कुणी वापरत नव्हतं. मी ती झाडून पुसून घेतली आणि खिडकीखाली माझं शिलाई मशीन मांडलं. मंडणगडच्या एका आडगावातून, माझ्या माहेराहून, ते एस.टी.च्या टपावरून आलं होतं.

मला हाताने काही ना काही करायची लहानपणापासून खोड आहे. आईकडून आलेली. तिला शाळा फारशी मिळाली नाही, पण जुन्या चादरीचा परकर, परकराची पिशवी आणि पिशवी फाटली की तिचं पायपुसणं, असं कापडाचं अख्खं आयुष्य ती डोळ्यांसमोर ठेवून कात्री लावायची. मी बी.ए. झाले तरी हात तिचेच राहिले.

मुलगी झाली तेव्हा कुंची, झबली, दुपटी सगळं मी त्या खोलीत शिवलं. तिच्या पाठीवर मुलगा झाला. दोघं जरा मोठी झाल्यावर खेळणी सुरू झाली. नवऱ्याच्या जुन्या मोज्यांचा ससा. गळून पडलेल्या पोफळीच्या विरीची, म्हणजे झावळीच्या बुडाच्या रुंद सालाची होडी, तिला माझ्या ओढणीचं शीड. पांढऱ्या शिंपल्यांना भोकं पाडून केलेली माळ, वारा आला की किणकिणणारी. कापडाचे मासे, पोटात कापूस भरलेले. दुपारची भांडी उरकली की आम्ही तिघं त्या खोलीत. मुलगी बटणं रंगाप्रमाणे वेगळी करत बसायची, मुलगा मशीनखाली बसून पडणारे कापडाचे तुकडे झेलायचा आणि पायडलच्या आवाजाने तिथेच फरशीवर झोपायचा. त्या दुपारी मी सुखी होते. ते मला तेव्हाच कळत होतं, नंतर कळलं असं नाही.

सासूबाई त्या खोलीला चिंध्यांचा कारखाना म्हणायच्या. त्या शिक्षिका होत्या, आता निवृत्त. घरात वस्तू जागच्या जागी लागते त्यांना. शेजारची कुणी आली की माझ्यासमोरच सांगायच्या, "शिकलेली सून आणली हो, पण दिवसभर चिंध्या पिंजत बसते." हसतच सांगायच्या, त्यामुळे मलाही हसावं लागायचं. नवरा सरकारी कचेरीत कारकून. तो माझ्या कामाला टाइमपास म्हणायचा, तेही प्रेमाने. "आज काय टाइमपास केलात तिघांनी?" असं विचारून तो टीव्ही लावायचा. उत्तर ऐकायला थांबलाय असं कधी झालं नाही.

सासूबाई वाईट नव्हत्या, हेही लिहायला हवं. माझ्या दोन्ही बाळंतपणांत त्यांनी मला पाण्यात हात घालू दिला नाही. मुलांना बाराखडी त्यांनीच शिकवली. एवढंच की त्यांना जे येत नव्हतं, ते त्यांच्या लेखी काम नव्हतं.

मग रस्त्यावरच्या गाड्या वाढल्या. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागायला लागली. आमच्या आळीतल्या दोघा-तिघांनी घराच्या खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. एका संध्याकाळी चहा पिताना नवरा म्हणाला, "आपली पुढची खोली रिकामीच आहे. होमस्टेला देऊ."

"रिकामी कुठे आहे? माझं मशीन आहे तिथे."

"मशीन पडवीत हलवू की. तिथे वारा छान येतो."

सासूबाईंनी मान डोलावली. एवढ्यावर ठरलं. मला विचारलं नाही असं म्हणता येणार नाही, कारण मी तिथेच बसले होते.

पडवीत वारा छान येत होता, त्यात खोटं काही नव्हतं. वाऱ्याबरोबर पावसाची झड यायची आणि खारी हवाही यायची. एका पावसाळ्यात मशीनच्या चाकावर गंज चढला. पांढऱ्या कापडावर सुईचे तांबडे ठिपके उमटायला लागले. मी तेल घालायची, पुसायची, वरून प्लास्टिक बांधायची. सुया डब्यात तांदळाच्या दाण्यांत खुपसून ठेवायची. पडवीत एका बाजूला लाकडं, दुसऱ्या बाजूला नारळांचा ढीग. मुलांना बसायला जागाच उरली नाही. मुलगा येऊन उभा राहायचा आणि थोड्या वेळाने निघून जायचा.

घरात आणखी एक बदल झाला. मुलांना हळू बोलायला शिकवावं लागलं. "पाहुणे झोपलेत." "पाहुणे जेवतायत." "त्या बाजूला जायचं नाही." पुढच्या खोलीच्या भिंतीवर मुलाने खडूने रेल्वे काढली होती, दारापासून खिडकीपर्यंत, डब्याला डबा जोडून. तिच्यावर आकाशी रंग फासला. तो रंगाऱ्याच्या पायाशी उभा राहून बघत होता. रडला नाही. "आता गाडी बोगद्यात गेली," एवढंच मला येऊन सांगितलं.

पहिल्या सुट्टीत आलेल्या एका बाईंनी पडवीत टांगलेल्या कापडी माशांचा फोटो काढला. "हे कुठे मिळतं?" असं सासूबाईंना विचारलं. त्या दिवसापासून चिंध्यांना बरे दिवस आले. सासूबाई पाहुण्यांना सांगायला लागल्या, "आमच्याकडे हे सगळं घरीच होतं. विकतचं आम्ही आणत नाही." नवऱ्यानेही मोबाईलवर खोलीची जाहिरात टाकताना लिहिलं, घरच्या हातांनी सजवलेली अस्सल कोकणी खोली. एकेक करून मुलांच्या वस्तू त्या खोलीत गेल्या. शिंपल्यांची माळ खिडकीत गेली, मासे दारावर गेले, विरीची होडी टेबलावर शोभेला ठेवली. मुलगी मला म्हणाली, "आई, माझी होडी मला आणून दे ना." मी आणायला गेले तर सासूबाई म्हणाल्या, "दुसरी कर गो तिला. ती तिथे छान दिसते."

मग पडदे झाले, उशांचे अभ्रे झाले, जेवणाच्या टेबलावरची आसनं झाली. सगळं मी पडवीत बसून शिवलं. मुलांसाठी शिवायला वेळ उरला नाही. नवरा रात्री जेवताना रिव्ह्यू वाचून दाखवायचा. त्यात पडद्यांची तारीफ असायची, सासूबाईंच्या मोदकांची असायची, नवऱ्याच्या अगत्याची असायची. मी कुणाच्या लिहिण्यात कधी सापडले नाही. कशी सापडणार? पाहुणे आले की मी स्वयंपाकघरात असायची.

त्याच वर्षी माझी आई गेली. अचानकच. सकाळी गोठ्यात गेली आणि तिथेच बसली ती उठलीच नाही. दिवसकार्य झाल्यावर वहिनीने तिच्या पातळांचं गाठोडं माझ्या हाती दिलं. "तुम्हीच याचं काहीतरी कराल," असं म्हणाली. सुती पातळं, धुऊन धुऊन मऊ पडलेली. रत्नागिरीला येईपर्यंत गाठोडं मी मांडीवर घेऊन बसले.

घरात पाऊल टाकल्यावर सासूबाईंनी ते बघितलं. "काय आहे त्यात?"

"आईची पातळं."

"मेलेल्या माणसाचे कपडे साठवू नयेत घरात," त्या म्हणाल्या. मग माझं तोंड बघून आवाज खाली आणला. "बरं, ठेव कुठेतरी. वर माळ्यावर ठेव."

मी माळ्यावर ठेवली नाहीत. दसऱ्यानंतर पाऊस थांबला, तेव्हा ती उन्हात घातली आणि गोधडी शिवायला घेतली. मशीनवर नाही, हाताने. मुलीसाठी. ती तेव्हा सात वर्षांची होती आणि आजीची तिला फार ओढ होती. शाळेतून आली की माझ्यासमोर बसायची आणि एकेका तुकड्यावर बोट ठेवायची.

"हा कुठला?"

"हे आजी शेतावर नेसायची. लावणीला."

"आणि हा?"

"हे लग्नाबिग्नाला."

"हा डाग कसला?"

"हळदीचा. गेलाच नाही तो, तिने कितीही घासला तरी."

एक हिरवं पातळ होतं, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं. ते नेसून आई मला पोचवायला एस.टी.पर्यंत यायची. गाडी वळली की लांबूनही तो हिरवा रंग दिसायचा. ते मी गोधडीच्या बरोबर मध्ये घातलं. मुलीने हट्ट धरला की तिलाही टाके घालायचे आहेत. मी एक कोपरा तिला दिला. तिचे टाके वाकडेतिकडे पडले, एक इथे, एक तिथे, मध्येच दोऱ्याची गाठ. मी ते उसवले नाहीत. गोधडी पुरी झाली त्या दिवशी ती अंगावर घेऊन ती घरभर फिरली, पाठीमागे टोक लोळवत. मग रोज त्यातच झोपायला लागली. झोपताना तो कोपरा गालाशी धरायची.

ती गोधडी पाहुण्यांच्या खोलीत जाऊ द्यायची नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. सासूबाईंना तसं सांगितलंही होतं.

थंडीत मुंबईहून एक वयस्कर जोडपं राहायला आलं. त्या बाईही निवृत्त शिक्षिका. सासूबाईंची आणि त्यांची अशी गट्टी जमली की दोघी अंगणात खुर्च्या टाकून तासन्‌तास बोलत बसायच्या. आमच्याकडे थंडी ती काय असते, पण त्यांना पहाटेचा वारा सोसवेना. खोलीतली पांघरुणं त्यांना टोचत होती. सासूबाई मुलांच्या खोलीत आल्या आणि पलंगावरची गोधडी उचलली.

"आई, ती नको," मी सासूबाईंना म्हटलं. "मी दुसरं काढून देते."

"एवढ्या मोठ्या बाई, त्यांना आपण जाडंभरडं द्यायचं? चार दिवसांनी जाणारच आहेत त्या. लगेच आणून ठेवीन."

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी तिला म्हटलं, "पाहुण्या आजींना थंडी वाजतेय ना? त्या गेल्या की परत आपल्याकडे." ती शहाण्यासारखी हो म्हणाली.

ते जाणार त्या दिवशी मुलीच्या शाळेत स्नेहसंमेलन होतं. तिच्या वर्गातल्या सगळ्या मुलींचे फुलपाखराचे पंख शिवायचं काम शाळेतल्या बाईंनी मला सांगितलं होतं. मी सकाळपासून शाळेत, तोंडात टाचण्या धरून, एकेका पोरीच्या पाठीला पंख लावत होते. दुपारी आम्ही दोघी घरी आलो. मुलीच्या तोंडावर अजून रंग होता. ती धावत पुढच्या खोलीत गेली आणि तशीच बाहेर आली.

"आई, गोधडी नाहीये."

मला वाटलं धुवायला टाकली असेल. दोरीवर बघितलं. मग सासूबाईंना विचारलं. त्या माजघरात तांदूळ निवडत होत्या.

"आई, गोधडी कुठे ठेवलीत?"

"अगो, ती दिली मी त्यांना."

"दिली म्हणजे?"

"भेट दिली. किती आवडली होती त्यांना. सारखा हात फिरवत होत्या तिच्यावरून. म्हणाल्या, असलं काम आता बघायला मिळत नाही. म्हटलं घेऊन जा, आमच्या सुनेच्या हाताला काय, दुसरी शिवील." त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. "अशी काय बघतेस? तुझंच कौतुक केलं हो मी. चारचौघांत केलं."

"ती माझ्या आईच्या पातळांची होती."

त्यांचा हात तांदळात थांबला. त्यांना माहीत होतं. गाठोडं घरात आलं तेव्हा त्यांनीच पाहिलं होतं, उन्हात घातलेली पातळं त्यांनीच एकदा पाऊस येतोसं वाटून आत घेतली होती. क्षणभर वाटलं, आता त्या काही बोलतील.

"आता दिलेली वस्तू परत मागायची का?" त्या म्हणाल्या आणि पुन्हा निवडायला लागल्या.

मुलगी दारात उभी होती. रंगवलेल्या गालांवरून ओघळ आले होते. मी तिला न्हाणीघरात नेलं आणि तिचं तोंड धुतलं. रंग लवकर जात नव्हता, मी जरा जोरातच घासलं असणार, कारण ती "आई, दुखतंय," म्हणाली.

नवऱ्याला मी दुसऱ्या दिवशी सकाळी गाठलं, तो कचेरीला निघताना. बुटाची नाडी बांधता बांधता त्याने ऐकून घेतलं.

"आईचं चुकलंच," तो म्हणाला. "पण आता काय करणार?"

"फोन करा त्यांना. सांगा, चुकून गेली."

"पाहुण्यांना भेट देऊन परत मागायची? काय रिव्ह्यू देतील ते?"

"अहो, माझी आई गेलीय."

"मला कळतंय गं," त्याने दुसऱ्या बुटात पाय घातला. "पण गोधडी परत आणून ती थोडीच परत येणार आहे?"

हे वाक्य त्याला समजुतीचं वाटलं असावं. त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं आणि गाडी काढली.

मग मीच फोन केला. नंबर खोलीच्या बुकिंगमध्ये होता. दुपारची वेळ होती, सासूबाई पडल्या होत्या. मी मागील दारी, विहिरीजवळ जाऊन उभी राहिले. काय बोलायचं ते मनात घोकून ठेवलं होतं. पण त्या बाईंनी माझा आवाज ओळखताच बोलायला सुरुवात केली.

"अगं, बरं झालं तूच फोन केलास. मीच करणार होते. तुझे आभार कसे मानू? तुझ्या आईच्या साड्यांची आहे म्हणून तर मी घ्यायलाच तयार नव्हते. पण सासूबाई म्हणाल्या, सुनेचीच इच्छा आहे, तिलाच तुम्हाला द्यायचीय, तुमच्यात तिला तिची आई दिसते म्हणून. मी तर रडलेच गं."

विहिरीच्या कठड्याला मी हात टेकला. माझ्या नावाने माझ्याच आईच्या जागी दुसऱ्या कुणाला बसवलं होतं, आणि त्यावर एक परकी बाई रडली होती. त्या बाईंचा काही दोष नव्हता. मला वाटलं, राहू दे, ठेवावा फोन. पण कान तापले होते.

"मी तसं म्हटलं नव्हतं," मी म्हणाले. "मी घरी नव्हते तेव्हा. ती माझ्या मुलीची गोधडी आहे. ती तिच्याशिवाय झोपत नाही. मला परत हवी आहे."



"अच्छा," त्या म्हणाल्या. आवाज अगदी बदलला होता. शाळेतल्या बाईंचा झाला होता. "असं आहे का? बघते मी. ती मुलाकडे दिलीय. त्याच्याशी बोलते आणि कळवते."

त्यांनी मला काही कळवलं नाही. नवऱ्याला कळवलं. तो घरी आला तो बूट न काढताच स्वयंपाकघरात आला.

"तू फोन केलास त्यांना?"

"केला."

"माझ्या आईला खोटं पाडलंस? परक्या लोकांपुढे?"

"त्या खोटं बोलल्या."

"तुझ्या चांगल्यासाठीच बोलल्या ना? तुझ्याबद्दल चांगलंच सांगितलं ना?"

त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. त्या बाईंनी फोटो पाठवला होता. मुलाच्या नव्या फ्लॅटमधली मोठी भिंत, तिच्यावर आईची पातळं काठीला लावून टांगलेली. खाली पांढरा सोफा. फोटोखाली लिहिलं होतं, आता भिंतीवर बसवून घेतली आहे, काढली तर भिंत खराब होईल, क्षमस्व. गोधडी उलटी लावली होती, खालची बाजू वर. मुलीने टाके घातलेला कोपरा मी शोधला. तो घडी घालून आत दुमडला होता. वाकडा दिसत असणार.

"बघ, किती मानाने लावलीय," नवरा म्हणाला. "आपल्याकडे काय, पोरांच्या पायाखाली असती."

आठवडाभराने कुरिअर आलं. त्या बाईंनी मुलीसाठी पाठवलेलं. आत गुलाबी रंगाचं फुगीर पांघरूण, वर चमचमणारा मुकुट घातलेली राजकन्या आणि घोडा. सोबत चिठ्ठी, छोट्या परीला प्रेमपूर्वक. सासूबाई म्हणाल्या, "किती मोठ्या मनाच्या आहेत बघ." मी मुलीकडे बघत होते. मला वाटलं होतं ती ते फेकून देईल. माझी मुलगी, माझ्या आईची नात, ती त्याला हात लावणार नाही.

तिने ते दोन्ही हातांनी उचललं आणि त्यात तोंड खुपसलं. "आई, केवढं मऊ आहे! आणि घोडा बघ, घोड्याला पंख आहेत!"

त्या रात्रीपासून ती त्यात झोपते. गोधडीचं नाव तिने पुढे काढलं नाही. पोरांचं असंच असतं, असंच असायला हवं, हे मला कळतं. तरी त्या वेळी तिचा मला इतका राग आला की मी उठून पडवीत गेले आणि उगाच लाकडं रचत बसले.

पुढचे पाहुणे येणार होते त्या सकाळी मी पुढच्या खोलीत गेले. पडदे काढले. अभ्रे काढले. आसनं, मासे, शिंपल्यांची माळ, होडी, सगळं. भांडले नाही, बोलले नाही. सगळं चादरीत बांधलं आणि माझ्या कपाटात कोंबलं. आकाशी भिंती, दोन पलंग आणि उघड्या खिडक्या राहिल्या. मला वाटलं आता तरी काहीतरी होईल. कुणीतरी ओरडेल, कुणीतरी विचारेल.

नवऱ्याने ते बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि स्कूटर काढून बाजारात गेला. दुपारपर्यंत तयार पडदे आणले, सूर्यफुलांचे. भिंतीवर लावायला प्लास्टिकच्या फुलांची तोरणं आणली. संध्याकाळी पाहुणे आले, खूश झाले, खूश होऊन गेले. रिव्ह्यूत पडद्यांबद्दल या वेळीही चांगलंच लिहिलं होतं.

त्याच सुमारास मी मशीन पडवीतून हलवलं. कुणाला न विचारता ते ओढत आमच्या झोपायच्या खोलीत आणलं, कपाटासमोर ठेवलं. कपाटाचं एक दार आता अर्धंच उघडतं. नवऱ्याचा गुडघा जाता-येता त्यावर आपटतो. सुरुवातीला तो चिडायचा, आता वळसा घालून जातो. मशीनवर मी बाहेरची कामं घेते, ब्लाउज, फॉल-बिडिंग, असलं साधं. मुलांसाठी खेळणी करणं आपोआप सुटलं. तीही आता मागत नाहीत. मुलगा मोबाईलवर रेल्वे बघतो.

मागच्या पावसाळ्यात सासूबाई मागील दारी शेवाळावरून घसरल्या. मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर. त्यांना ब्लाउज घालता येईना, गाउन त्यांनी आयुष्यात घातला नव्हता. लाजून त्या दिवसभर अंगाभोवती पदर गुंडाळून बसायच्या, कुणी आलं की आत जायच्या. त्यांनी मला काही सांगितलं नाही. मीच माप घेतलं. एक बाही खांद्यापासून खाली पूर्ण उघडी ठेवली, कडेला मऊ पट्टी लावली आणि बांधायला बंद लावले, म्हणजे हात वर न उचलता घालता येईल. तीन ब्लाउज तसे शिवले. चांगले शिवले. वाईट शिवायचं ठरवलं तरी मला जमत नाही.

पहिला घालून देत होते तेव्हा खोलीत आम्ही दोघीच होतो. बंद बांधून झाल्यावर त्यांनी चांगल्या हाताने कडेची पट्टी चाचपली.

"छान शिवलायस गो," त्या म्हणाल्या.

मी मागचे हुक लावत होते.

"अजून राग आहे का तुझा? त्या गोधडीचा?"

"हो."

"एवढ्याशा गोष्टीचा?"

"हो," मी म्हटलं.

पदर त्यांच्या खांद्यावर घेऊन दिला, प्लास्टरचा हात झोळीत ठेवला आणि भात उतू चालला होता म्हणून आत गेले.